खाटेपासून वर

आपण आयुष्यात काय व्हावे हे माणसाला स्वतःला कळत नाही, म्हणून मार्गदर्शक लागतो. मी करिअर मार्गदर्शक आहे. आधी शाळेत भाषा शिकवता शिकवता हे काम केले, निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तेच चालू ठेवले. खोलीत चार खुर्च्या आहेत, एक फळा आहे आणि फळ्यावर एक शिडी काढलेली आहे. शिडी मी कधी पुसत नाही. मूल कोणत्याही क्षेत्राकडे जाणारे असो, फक्त पायऱ्यांवरची नावे बदलायची. खालच्या पायरीवर काम असते, वरच्या पायरीवर पद असते, आणि खालून वर जाण्याला करिअर म्हणतात. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही विद्यार्थ्याने खालच्या पायरीवर थांबण्याचा हट्ट धरलेला नाही. अपवाद एकच, आणि तो माझ्याच घरात निघाला, याला नशीब म्हणायचे.

ती माझी भाची, ताईची मुलगी. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून ती कोणाच्या अध्यातमध्यात नसायची आणि तरी घरातले निम्मे काम तिच्या हातून होऊन गेलेले असायचे. तिचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती शाळेत होती. शाळेतून आली की दप्तर ठेवायची, हात धुवायची आणि वडिलांना कुशीवर वळवायची. एवढ्याशा पोरीला एवढा मोठा माणूस कसा हलतो, हे मी एकदा दारात उभा राहून पाहिले. तिने त्यांचा एक गुडघा दुमडला, खांद्याखाली हात घातला, कानाशी काहीतरी बोलली, आणि ते आपले आपणच वळल्यासारखे वळले. इतके दिवस पडून राहूनही ते गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. डॉक्टरांनी ताईला विचारले, नर्स कोण ठेवली होती? ताईने मुंगीकडे बोट दाखवले आणि मग दोघी मायलेकी रडल्या. माझेही डोळे भरून आले. पण मी पडलो मार्गदर्शक, त्यामुळे मला त्यात पोरीचा कलही दिसला.

पुढे बारावी झाल्यावर ताई तिला घेऊन माझ्याकडे आली. पोरगी नर्स व्हायचे म्हणते, तूच काय ते समजाव, असे म्हणून ताईने डोळ्याला पदर लावला. दुसऱ्याच्या घरची घाण काढायला का पोरीला शिकवले, असा तिचा एकूण सूर होता. मी दोघींना बसवले, फळ्यावरची जुनी नावे पुसली आणि खडू हातात घेतला.

“नर्स होण्यात गैर काही नाही,” मी म्हणालो, “गैर आहे ते नर्स राहण्यात.”

ताईचा चेहरा जरा उजळला. मी तळापासून पायऱ्या भरत गेलो. पदविका, पदवी, पदव्युत्तर, विशेष अभ्यासक्रम, मग प्रमुख, मग उपअधीक्षक. सगळ्यात वर अधीक्षक लिहून खाली रेघ मारली.

“सगळ्यात वर काय असतं, मामा?” मुंगीने विचारले.

“स्वतंत्र खोली असते. टेबल असतं. दाराला पडदा असतो.”

“आणि पेशंट?”

“पेशंट खाली असतात.”

“मग मी खालीच राहिले तर?”

मी हसलो. त्या वयात सगळीच मुले असे काहीबाही विचारतात.

प्रवेशासाठी मुलाखत होती. नर्स का व्हायचे आहे, या प्रश्नाला मी तिच्याकडून उत्तर घोटून घेतले होते: आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनातील वाढत्या संधी लक्षात घेता. पण आयत्या वेळी तिने मला तोंडघशी पाडले. आजारी माणूस बरा होऊन घरी गेलेला बघायला आवडतो, असे ती बोलून बसली. समितीतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. बरे करणे हा वेगळा विभाग आहे, असे तिला समजावून सांगण्यात आले आणि तिचे नाव प्रतीक्षा यादीत टाकण्यात आले. सुदैवाने तिच्या आधीच्या मुलींना त्याहून लांब शिड्या असलेल्या क्षेत्रांत प्रवेश मिळाले, म्हणून ही आत गेली.

कॉलेजात पहिल्याच वर्षी एक अडचण पुढे आली. नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही, असा रुग्णालयाचा नियम होता. पेशंटला हात लावल्याचा अनुभव असल्याशिवाय नोंदणी होत नाही, असा नर्सिंग परिषदेचा नियम होता. दोन्ही नियम पेशंटच्या हिताचे असल्यामुळे कोणताच रद्द करणे शक्य नव्हते. तोडगा म्हणून कॉलेजाने एक पुतळा मागवला. पुतळा फार गुणी होता. बटण दाबले की त्याला ताप यायचा, दुसरे दाबले की धाप लागायची, आणि सगळी बटणे बंद केली की तो बरा व्हायचा. मुली त्याला आजोबा म्हणत. आता इतका महागडा पुतळा नवशिक्यांच्या हाती दिला तर खराब होणार, म्हणून पहिल्या वर्षाला त्याचे चित्र देण्यात आले. दुसऱ्या वर्षाने काचेच्या कपाटातून पाहायचे होते. तिसऱ्या वर्षापासून प्राध्यापक समोर असताना हात लावता येत असे, आणि हात लावण्याआधी आजोबांची परवानगी घ्यायची, असे पुस्तकात छापलेले होते. ती न घेतल्याबद्दल एक मुलगी नापासही झाली.

मुंगी प्रात्यक्षिकाला गेली. तिने आजोबांचा गुडघा दुमडला, खांद्याखाली हात घातला आणि सवयीने त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “आता हळूच वळायचंय हं, घाबरू नका.” परीक्षकांनी तिचे गुण कापले. पेशंटशी संवाद हा चौथ्या वर्षाचा विषय होता आणि तिने तो तिसऱ्याच वर्षी केला होता. चौथ्या वर्षी त्या विषयाची लेखी परीक्षा झाली. पेशंटशी संवाद साधण्याचे टप्पे सविस्तर लिहा, या प्रश्नाला तिने ‘आधी त्याचे ऐकून घ्यावे’ एवढेच लिहिले. आकृती नसल्यामुळे पुन्हा गुण गेले. तरी कशीबशी उत्तीर्ण झाली. ताईने सगळ्या इमारतीत गोड वाटले आणि शेजारणींना सांगितले की ही तर नुसती सुरुवात आहे.

मुंगीला मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली आणि हाडांच्या वॉर्डात नेमणूक झाली. त्या काळात ती फोनवर बोलायची ते सगळे खाटांबद्दल. अमक्या खाटेवरच्या आजी आज खुर्चीत बसल्या, तमक्याला स्वतःच्या हाताने घास घेता आला. मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विचारले की तिला कोणीतरी हाक मारायचे आणि फोन ठेवावा लागायचा. पेशंट तिला बारीक सिस्टर म्हणत आणि ती सुट्टीवर असली की तोंड पाडून बसत. तिच्या वॉर्डात कोणाच्या पाठीला जखम होत नसे. पडून राहिलेल्या माणसाला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवले नाही तर पाठीची कातडी सोलवटते, आणि मुंगी वळवायला कधी विसरत नसे. एवढे साधे कारण होते.

ही गोष्ट वरिष्ठांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नाही. चांगले काम करणाऱ्याला बक्षीस द्यावे लागते, बक्षीस म्हणजे बढती, आणि बढती वॉर्डात देता येत नाही, कारण वॉर्डात टेबल मावत नाही. सबब पाठीच्या जखमा टाळण्यासाठी वरच्या मजल्यावर एक कक्ष उघडून मुंगीला त्याचे प्रमुख करण्यात आले. त्यानंतर तिच्या जुन्या वॉर्डात जखमा होऊ लागल्या. त्यामुळे कक्षाची गरज किती होती हे सिद्ध झाले. कक्ष वाढवायचे ठरले, आणि मदतीला वॉर्डातली दुसऱ्या नंबरची चांगली नर्स वर घेण्यात आली. जखमा आणखी वाढल्या. तिसरी वर गेली. जो तो कामाला लागला होता, कोणाकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

मला खाली राहू द्या, असा अर्ज मुंगीने केला होता, हे मला नंतर ताईकडून कळले. अर्जावर सहानुभूतीने विचार झाला. बढती नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यात महत्त्वाकांक्षेचा अभाव असतो, असा अभाव असलेल्या व्यक्तीच्या हाती पेशंट सोपवणे धोक्याचे असते, म्हणून तिला वॉर्डातून हलवणे आवश्यक आहे, असे उत्तर आले. म्हणजे हो म्हटले तरी वर आणि नाही म्हटले तरी वर. व्यवस्था म्हणतात ती याला. मी त्या उत्तराची प्रत मागवून विद्यार्थ्यांना दाखवत असे.

पुढे मात्र पोरीने नाव काढले. बेल वाजवली तरी कोणी येत नाही, अशी पेशंटांची तक्रार होती. समिती बसली. पेशंटने खाटेजवळची बेल दाबली की दारावर लाल दिवा लागतो आणि नर्सने येऊन तो बंद करायचा असतो, ही जुनी पद्धत. दिवा किती वेळ जळतो त्यावरून रुग्णालयाचा दर्जा ठरतो. दिवे फार वेळ जळत होते, कारण बंद करणाऱ्या बहुतेक नर्सा वरच्या मजल्यावर कक्षांत होत्या. समितीने प्रश्नाच्या मुळाला हात घातला आणि दिवे बंद करायची बटणेच वरच्या मजल्यावर नेली. बेल-प्रतिसाद विभाग स्थापन झाला आणि मुंगी त्याची विभागप्रमुख झाली. एका भिंतीवर साऱ्या रुग्णालयातल्या खाटांचे छोटे छोटे दिवे होते. पेटला की बटण दाबायचे. प्रतिसादाचा वेळ एकदम इतका घसरला की रुग्णालयाला सन्मानचिन्ह मिळाले. समारंभाच्या फोटोत मुंगी अधीक्षकबाईंच्या शेजारी उभी आहे. ती हसत नाहीये, पण पद मोठे असले की माणसे हसत नाहीतच. फोटो मी फळ्याशेजारी लावला. ताईकडे आता चांगली चांगली स्थळे चौकशीला येऊ लागली.

आनंदाच्या भरात मी शिडीला वरून आणखी एक पायरी जोडायचे ठरवले. फळ्यावर जागा नव्हती, म्हणून पायरी भिंतीवर काढायला स्टुलावर चढलो आणि स्टूल निसटले. माझे खुब्याचे हाड मोडले.

मला त्याच रुग्णालयात, त्याच हाडांच्या वॉर्डात ठेवले. ऑपरेशन उत्तम झाले असे सगळे म्हणाले. आता पाठीवर पडून राहायचे, कमरेखालचे काही हलवायचे नाही, उठायचा तर विचारही करायचा नाही. मी लग्न केलेले नाही, आणि नातेवाइकांना संध्याकाळखेरीज आत सोडत नव्हते. पण मला चिंता नव्हती. भाची याच इमारतीत विभागप्रमुख असताना मामाला काय कमी पडणार, असे मी शेजारच्या खाटेवरच्या शिंप्याला सांगितले. तो पाय मोडून बरेच दिवस तिथे होता. त्याने मान हलवली आणि छताकडे पाहत राहिला.

सकाळी भूल पुरती उतरली आणि मला बेडपॅनची गरज भासू लागली. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण या कथेत माझ्या दृष्टीने दुसरे काहीच महत्त्वाचे नव्हते. दाराशी पांढऱ्या कपड्यांतली एक शिकाऊ मुलगी उभी राहून आमच्याकडे मन लावून पाहत होती. मी तिला हाक मारली. तिने कळवळून सांगितले की ती पहिल्या वर्षाला आहे आणि या वर्षी तिला फक्त निरीक्षण आहे. वॉर्डाची एकुलती एक नर्स दोन वॉर्डांच्या मध्ये धावत होती. तिची पाठ मला दोनदा दिसली, तोंड एकदाही दिसले नाही.

मात्र मी एकटा पडलो होतो असे कोणी म्हणू शकणार नाही. विभागप्रमुखांचे मामा म्हणून मला भेटायला वरून रीघ लागली. सगळ्या एकेकाळच्या नर्सा होत्या आणि सगळ्यांच्या गळ्यात पदाचे पट्टे होते. वेदना-मापन अधिकारी आल्या आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे कार्ड दाखवून तुमचा चेहरा कोणता ते विचारू लागल्या. मी रडका दाखवला आणि बेडपॅन मागितले. ते वेदनेत मोडत नाही, असे त्या म्हणाल्या. पतन-प्रतिबंध समन्वयक आल्या आणि माझ्या मनगटात ‘पडण्याचा धोका’ असा पिवळा पट्टा बांधला. मी म्हणालो, बाई, मी पडूनच इथे आलोय. तुम्ही घरी पडलात, आमच्याकडे त्याची नोंद होत नाही, असे सांगून त्यांनी मला इथे न पडल्याबद्दल धन्यवाद दिले. त्यांनाही मी बेडपॅन मागितले. त्यांनी सुस्कारा टाकला. त्या काढून ठेवलेल्या जुन्या दागिन्याबद्दल बोलावे तशा म्हणाल्या, की पूर्वी मी देत असे. समाधान-सर्वेक्षण अधिकाऱ्यांनी तर येताना गुलाब आणला. आमच्या सेवेने तुम्ही कितपत समाधानी आहात, या प्रश्नाला मला उत्तर सुचेना, कारण माझे सारे लक्ष दुसरीकडे एकवटले होते. त्यांनी ‘भारावून गेल्याने उत्तर देऊ शकले नाहीत’ असे लिहून घेतले.

मी बेल दाबली. दारावरचा दिवा लागला आणि लगेच विझला. पुन्हा दाबली, पुन्हा विझला. काय तत्परता होती! मी एकापाठोपाठ एक दाबतच राहिलो.

“बेल झकास आहे इथली,” शिंपी छताकडे पाहतच म्हणाला. “लगेच विझते.”

“तुम्ही काय करता हो मग?”

“मी पाणी पीत नाही.”

हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. कापड कमी पडले की बाही आखूड करतात, तसे त्याने ते केले होते. पण मी तर सकाळीच पेलाभर पाणी आणि वर चहा घेऊन बसलो होतो.  इतकी वर्षे इतक्या मुलांना मार्ग दाखवलेला माणूस अंथरूण ओले करणार, या विचाराने मला खरोखर रडू आले. समोरची मुलगी निरीक्षण करत होती. मी बेलवरचे बोट काढले नाही.

वर भिंतीवरचा तोच दिवा पुन्हा पुन्हा पेटताना मुंगीला दिसला. त्या खाटेवर कोण आहे हे तिला ठाऊक होते. तिने किती वेळा बटण दाबले ते तिने मला कधी सांगितले नाही. एवढे खरे की शेवटच्या वेळी तिने दाबले नाही, उठली आणि जिना उतरून खाली आली.

गळ्यातला पट्टा तिने येतायेताच काढून खिशात कोंबला होता. खाटेभोवतीचा पडदा ओढला, मोरीतून बेडपॅन आणले, गरम पाण्याने शेकले, पुसले. माझा चांगला पाय गुडघ्यात दुमडला, कमरेखाली हात घातला आणि कानाशी वाकली.

“मामा, श्वास घ्या. आता सोडा. बघा, झालं.”

कुठेही कळ न येता मी उचलला गेलो. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय ते मी भाषेच्या तासाला अनेक वर्षे शिकवले होते, पण अर्थ तेव्हा कळला. मला कुशीवर घेऊन तिने पाठ पाहिली. पाठ लाल होऊ लागली होती. ती चोळत राहिली. तो हात मी तिच्या वडिलांच्या पाठीवर पाहिला होता.

पडदा सारल्यावर तिने शिंप्याला विचारले, “काका, तुम्हाला?”

 शिंपी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “आहे, बाई.”

मग ती थांबलीच नाही. पुढची खाट, त्याच्या पुढची खाट. दारातल्या मुलीला म्हणाली, इकडे ये, धर. मुलगी म्हणाली, मला पेशंटला हात लावायची परवानगी नाही. “मग माझ्या हाताला लाव,” मुंगी म्हणाली आणि तिचे हात आपल्या हाताखाली घेऊन माणूस कसा वळवतात ते तिला दाखवले. सारा वॉर्ड हळूहळू सैलावला. कोणी पाणी मागितले. मुंगीचे केस सुटले होते, कपाळावर घाम होता, आणि सन्मानचिन्हाच्या फोटोत जे हसू नव्हते ते आता तोंडावर होते.

इकडे वर अनर्थ झाला. बटण दाबायला कोणी नसल्यामुळे भिंतीवर एकेक करत सगळ्या इमारतीचे दिवे पेटले आणि पेटूनच राहिले. ज्या तासात पेशंटांच्या हाकेला माणूस धावून आले, त्या तासाचा प्रतिसाद रुग्णालयाच्या इतिहासात सगळ्यात वाईट भरला. अधीक्षकबाई स्वतः खाली आल्या. त्या वॉर्डात बऱ्याच वर्षांनी येत असाव्यात, कारण आधी शेजारच्या वॉर्डात शिरल्या होत्या.

“हे तुम्ही काय करताय?”

“बेडपॅन देतेय, मॅडम.”

“ते दिसतंय. पण कोणत्या अधिकारात?”

मुंगीच्या हातात भांडे होते. ते तिने खाली ठेवले नाही.

“नर्स आहे मी.”

“होतात,” अधीक्षकबाई म्हणाल्या.

चौकशी झाली आणि ती अत्यंत नियमानुसार झाली. जागा सोडणे, पदाच्या खालचे काम करणे आणि बढतीनंतर खाटेजवळचा परवाना आपोआप संपलेला असताना पेशंटला हात लावणे, असे तीन आरोप ठेवण्यात आले. आपली बाजू मांडायला सांगितल्यावर ती म्हणाली, त्यांना लागली होती. हे कारण नियमांत सापडले नाही. शिक्षा म्हणून तिला सगळ्या पायऱ्या खाली उतरवून साध्या नर्सच्या जागी, त्याच हाडांच्या वॉर्डात पाठवण्यात आले. परवाना मात्र त्याच दिवशी नवा करून दिला, कारण शिक्षेची अंमलबजावणी खोळंबून चालत नाही.

ती मला सांगायला आली तेव्हा खाटेच्या कडेवर बसून हसत सुटली.

“मामा, मला खाली टाकलं.”

मी तिला धीर दिला. त्यानंतर मी तिथे होतो तोवर ती मला रोज कुशीवर वळवत असे. माझ्या पाठीची लाली गेली. शिंपी भरपूर पाणी पिऊ लागला आणि घरी जाताना तिच्या मापाचा झगा शिवून पाठवतो म्हणाला. मी काठी टेकत घरी आलो तो तिच्यामुळे, हे मी कोणापुढेही कबूल करीन.

पण उपकार एका जागी आणि कर्तव्य एका जागी. घरी ताई डोके धरून बसली होती. आलेली स्थळे परत गेली होती. इमारतीत कोणाला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, कारण मुलगी परत साधी नर्स झाली हे आता सगळ्यांना कळले होते. ताई रडत म्हणाली, तुझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं, तूच काय ते निस्तर. मला ते लागले. मी ओळखीपाळखी वापरल्या, माझे जुने विद्यार्थी कुठे कुठे वर बसले आहेत, त्यांना गाठले. घडला प्रकार नात्यातल्या ओढीमुळे झालेली क्षणिक चूक आहे, एरवी मुलीला खाटेजवळ जायची मुळीच आवड नाही, असे लेखी निवेदन मी केले. इतकी अनुभवी व्यक्ती बेडपॅन देण्यात वाया जात आहे, हा मुद्दा वरिष्ठांना विशेष पटला.

शिक्षा मागे घेण्यात आली. एवढेच नव्हे, तर झाल्या प्रकारातून धडा घेऊन वरच्या मजल्यावर बेडपॅन-उपलब्धता विभाग उघडण्यात आला आहे आणि मुंगी त्याची पहिली विभागप्रमुख आहे. दाराला पडदा आहे. तिच्या हाताखाली, हात धरून जिला तिने शिकवले ती शिकाऊ मुलगी पुढे पास होताच सरळ घेण्यात आली, म्हणजे ती पोरही मार्गी लागली. ताई पुन्हा बोलू लागली. स्थळे पुन्हा येऊ लागली.

मुंगी मात्र माझ्याशी फारसे बोलत नाही. मध्यंतरी एकदा घरी आली होती. फळ्यासमोर उभी राहून शिडी वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. मग तिने विचारले, “मामा, परत पडलात तर?”

मी म्हणालो, अगं, आता काय काळजी, तू सबंध विभाग उभा केला आहेस. ती चप्पल घालून निघून गेली. चहाही घेतला नाही.

असो. माझा वर्ग पूर्ववत चालू आहे. मुलीला घेऊन पालक येतात, मी शिडी दाखवतो, सगळ्यात वर काय आहे ते सगळे विचारतात. ती वर गेल्यावर खाली कोण राहणार, हे आजवर एकाही आईबापाने विचारलेले नाही, आणि तुम्हीही विचारणार नाही. तुमच्याही घरात एखादी मुंगी असेल तर जरूर घेऊन या. आणि उद्या तुमच्यावर त्या खाटेवर पाठ टेकायची वेळ आली तर बेल उजव्या हाताला आहे. दाबा. येईल की कोणाची तरी मुलगी, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. फक्त कोणाची, एवढे दाबण्याआधी ठरवून ठेवा. माझी वर गेली आहे, आणि तुमच्या मुलीलाही वर न्यायला मी तयार आहे.